माझ्या अक्षरातला जबाब

आमच्या केडगावच्या घरात खोटं बोलायला बंदी होती. बंदी म्हणजे अगदी दारात कोणी आलं आणि बाबा आत झोपलेले असले, तर 'बाबा घरी नाहीत' एवढंसुद्धा म्हणायचं नाही. 'झोपलेत, मागाहून या' असंच सांगायचं, मग येणाऱ्याला राग येवो की बाबांना. बाबा नगरच्या कोर्टात वकिली करत. अशा माणसानं वकिली का पत्करली हे कोडं त्यांच्या कोर्टातल्या मित्रांनाही कधी सुटलं नाही. पक्षकारानं 'साक्षीदार जरा तयार करून घ्या' म्हटलं की बाबा त्याचे कागद दोरीसकट परत करायचे. त्यामुळे पक्षकार बेताचेच आणि घर चालायचं ते आईच्या शाळेतल्या नोकरीवर. बाबांचा शौक एकच, टांगा. तांबडी घोडी होती आणि रोज सकाळी केडगावहून कोर्टापर्यंत ते स्वतः लगाम धरून जात. पांढरा कोट, काळी टोपी आणि हातात लगाम असा वकील नगरात दुसरा नव्हता, आणि लोक हसतात हे त्यांना ठाऊकही होतं. त्या घोडीमुळेच खानचाचा आमच्या घरात आले.

खानचाचा काष्टीचे. काष्टीच्या बाजारात बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या त्या त्यांनीच, असं चाळीस वर्षं चालत आलेलं. महिन्यातून एकदा ते आगगाडीनं नगरला येत आणि ओळखीच्या घोड्यांना नाल मारून जात. शेवटचं घर आमचं, कारण आमच्याकडे त्यांचं जेवण असे. पेशावरच्याही पलीकडच्या डोंगरातून घोडे विकायला निघालेल्या एका तांड्याबरोबर ते ऐन विशीत इकडे आले, काष्टीत तापानं पडले, तांडा पुढे निघून गेला आणि हे तिथलेच झाले. गावातल्याच हनिफाबींशी निकाह झाला. मूलबाळ झालं नाही. नाव सोडलं तर त्यांच्यात पठाणी काही उरलं नव्हतं. बोलणं काष्टीचं, डोक्याला पटका काष्टीचा, आणि पानात ठेचा नसला तर तोंड उतरायचं तेही काष्टीकरासारखंच. मला त्यांचं नवल वाटायचं ते त्यांच्या कानांचं. घोडी अजून फाटकाबाहेर असायची आणि हे ओट्यावर बसल्या बसल्या सांगायचे, "मागचा उजवा ढिला हाय, मार्थाबेटी. वकीलसायबांना सांग, दोन दिस बी थांबू नका." मी धावत जाऊन बघायची. कधी चुकले नाहीत.

देश स्वतंत्र झाला त्या सालच्या दिवाळीच्या सुमारास नगरला निर्वासित येऊन उतरू लागले. त्यांनी सोसलेलं ऐकणाऱ्याचं डोकं फिरावं असंच होतं, आणि फिरलेली डोकी मग जवळपास कोण सापडतो ते शोधू लागली. बाहेरगावची काही पोरं काष्टीच्या बाजारात 'तुमचा पठाण कुठं बसतो' म्हणून विचारत होती. हे पाटलांच्या कानावर गेलं. पाटील आणि चाचा एका वयाचे, एकत्र तालीम केलेले. पाटलांनी कुणालाही न विचारता दोन गोष्टी केल्या. चाचांना गाडीत घातलं, वरून कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि सालगड्याबरोबर गाडी आमच्याकडे लावून दिली. आणि गावात सांगून टाकलं की खान त्याच्या मुलखाला गेला. हनिफाचाचींनाही तेच सांगितलं. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही असा पाटलांचा सिद्धान्त होता.

दोन दिवसांचा रस्ता तुडवून ती गाडी भर दुपारी, शेजाऱ्यांच्या देखत, आमच्या मागच्या अंगणात येऊन उभी राहिली. घोडीसाठी कडबा दरसालच यायचा, त्यामुळे कुणी मान वळवून पाहिलं नाही. सालगडी बाबांना एवढंच म्हणाला, "पाटलांनी सांगितलंय, खालचा कडबा जपून काढा." बाबांनी कोट काढून ठेवला आणि स्वतः पेंढ्या उतरवायला लागले. तबेल्याला लागून कडब्याची खोली होती. चाचा त्या खोलीत गेले ते तीन महिने तिथेच राहिले.

ते तीन महिने आठवले की मला आधी आठवतो तो आवाज नसणं. हातोडा वाजवायचा नाही, खोकायचं तर पेंढीत तोंड खुपसून, नमाज ओठांतल्या ओठांत. ज्या माणसानं जन्मभर लोखंडावर लोखंड आपटलं तो मांडीवर हात ठेवून बसून राहायचा. घोडीचा नाल सैल झाला तरी मारता येत नव्हता आणि दुसऱ्या नालबंदाला घरात आणता येत नव्हतं, म्हणून बाबा कोर्टात पायी जाऊ लागले. हलालचा प्रश्न आईनं सोडवला. पहिले दोन रविवार तिनं कोंबडीऐवजी गपचूप हुलग्याची शेंगोळी केली. मग चाचाच लाजत म्हणाले, "माझ्यापायी पोरीला उपाशी का ठेवता? कोंबडी मला द्या, मी कापतो." तेव्हापासून आमच्या ख्रिस्ती घरात रविवारची कोंबडी चाचा कापायचे, आई शिजवायची आणि बाबा तिच्यावर प्रार्थना म्हणायचे. आई म्हणायची, देवाला स्वयंपाकघरातलं पुरुषांपेक्षा जास्त कळतं. संध्याकाळी दिवेलागणीला मी भाकरी घेऊन गेले की चाचा मला बैलांच्या गोष्टी सांगायचे. कोणता बैल नाल मारताना रडतो, कोणता मालकाचा हात चाटतो. मी सोळा वर्षांची होते. मला वाटायचं, या घरात पहिल्यांदाच काहीतरी घडतंय, आणि त्यातलं निम्मं माझ्या हातात आहे.

हवालदार आला तेव्हा बाबा कोर्टात होते. चांगला, पोट सुटलेला, घामाघूम माणूस. सरहद्दीकडचे लोक जिल्ह्यात कोण कुठे आहेत याची यादी करायला त्याला पाठवलं होतं. खान आमच्या घोडीला नाल मारतो हे टांगेवाल्यांनी त्याला सांगितलं होतं. आई परातीत पीठ मळत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पिठाकडे बघितलं. मी पुढे झाले आणि म्हणाले, "खानचाचा ना? ते गेले."

एवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मला थांबायचं नव्हतं. 'तुला काय म्हाईत' असं तो म्हणाला, तर मी सांगितलं की मी स्वतः स्टेशनावर होते. त्यांच्या हातात निळ्या चादरीचं बोचकं होतं, एका कोपऱ्यातून हातोड्याचा दांडा बाहेर आला होता, आणि गाडी हलली तेव्हा त्यांनी पटका सोडून डोळे पुसले. हवालदार म्हणाला, "पर ह्या वयात म्हातारा जाईल कशापायी? बायकू तर हितंच हाय त्याची." आणि मी, जिला दारात आलेल्या माणसाला 'बाबा घरी नाहीत' म्हणायची परवानगी नव्हती, तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "तिकडे त्यांचा मुलगा आहे. पहिल्या बायकोचा. त्याचं पत्र आलं होतं, म्हातारपणी माझ्याजवळ या म्हणून." हवालदार समाधानानं मान हलवायला लागला. तो लिहू लागला तर त्याचा टाक अडखळत होता, शब्द चुकत होते. मला ते बघवेना. मी म्हणाले, "द्या, मीच लिहून देते." आणि वर्गात पहिला नंबर मिळवलेल्या अक्षरात, परिच्छेद पाडून, मी तो जबाब लिहिला आणि खाली सही केली.

तो गेल्यावर चाचा कडब्याच्या खोलीच्या दारात आले. भिंत पातळ होती आणि कान त्यांचे होते. हसत होते, पण डोळे भरलेले. म्हणाले, "चाळीस वर्सं नवस केले बेटी. तू आज एका दमात पोरगा दिलास." मला फार अभिमान वाटला. आई मात्र हात धुऊन आली आणि हळूच म्हणाली, "ते गेले म्हणालीस ते देव समजून घेईल. मुलाचं कशाला घातलंस?" बाबांना संध्याकाळी कळलं. ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चौकीवर जाऊन खरं सांगावं असं त्यांच्या मनात आलं होतं, हे त्यांनी मला फार वर्षांनी सांगितलं. गेले नाहीत. आयुष्यात एकदाच त्यांनी एक खोटं तसंच राहू दिलं.

पुढे मी पस्तीस वर्षं मुलींना निबंध शिकवला. तपशील द्या, तपशिलानं लिहिणं जिवंत होतं, असं प्रत्येक शिक्षक सांगतो. मी सांगत आले, पण दर वेळी फळ्याकडे तोंड करून.

वातावरण निवळलं तसे चाचा काष्टीला परतले. हनिफाचाची त्यांच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. न सांगता गेलेला नवरा तीन महिन्यांनी येऊन 'मी केडगावातच होतो' म्हणतो, हे कुठल्या बाईला पटेल? पाटलांनी शपथ घेऊन सांगितलं तेव्हा कुठे चूल पेटली. गावाला मात्र खरं कुणी सांगितलं नाही. हातोडा पुन्हा वाजायला लागला, महिन्याची नगरची फेरी सुरू झाली, घोडीला नवे नाल बसले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाटील विषमज्वरानं गेले. आणि त्यांना जाऊन सहा महिने होतात न होतात तोच चाचांच्या हातात कागद पडला. तुम्ही मूळचे सरहद्दीपलीकडचे, फाळणीनंतर पाकिस्तानात गेलात आणि परवान्याशिवाय परत आलात, सबब देश सोडावा.

चाचांनी तो कागद बाबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वकीलसायेब, म्या तर तुमच्या कडब्यात हुतो." बाबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसले. कायदा साधा होता, असं ते म्हणाले. चाचा कुठेही गेले नव्हते एवढं सिद्ध झालं की कागद फाडून टाकता येईल. नाही झालं, तर दुसरा काहीही युक्तिवाद चालणार नाही. चाळीस वर्षंही नाहीत आणि घरही नाही. पाटील नव्हते. गाडी आणणारा सालगडी जामखेडकडचा. बाबा त्याच्या शोधात जामखेडपर्यंत जाऊन आले, तर तो साल संपवून जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे कुठे कामाला गेला हे त्याच्या भावालाही ठाऊक नव्हतं. राहता राहिलो आम्ही, आणि त्यात बाबा वकील, आईची साक्ष घरचीच म्हणून उडवली जाणार, आणि सरकारी फाईलमधला जबाब माझ्या सहीचा. बाबांनी मला समोर बसवून सांगितलं, "पोलिसाला खोटा जबाब देणं हा गुन्हा आहे, मार्था. उद्या तू खरं सांगितलंस तर तुझ्यावर खटला होऊ शकतो. आणि तरीही तुला सांगावं लागेल." चाचा तिथेच खाली बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांच्या मनात तेव्हाच काहीतरी ठरलं असावं, असं मला आता वाटतं.

नगरच्या कचेरीत साहेबांपुढे चौकशी झाली, तिला काष्टीहून पंधरा माणसं आली. आपलं काम बुडवून, भाकऱ्या बांधून. चाचांच्या चाळीस वर्षांची साक्ष द्यायला त्यांना एवढा उत्साह की साहेबांनी नाव विचारायच्या आत सांगू लागत. साहेब तरुण होते, सौम्य होते, आवाज चढवत नव्हते. पहिला उभा राहिला तो एक चाळिशीतला शेतकरी.

"खान तुमच्या गावात केव्हापासून आहे?"

"म्या झबल्यात हुतो तवापासनं."

"मधे कुठे गेला होता का?"

"गेल्ता की. त्याच्या मुलखाला. तीन म्हयनं आमची बैलं अनवानी हुती, सायेब. त्याच्याबिगर आमचं लई हाल झालं."

बाबांनी साक्षीदार कधी तयार केले नव्हते. 'खरं असेल ते सांगा' एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि पाटलांनी जे सांगितलं तेच त्या बिचाऱ्यांचं खरं होतं. पंधराच्या पंधरा जणांनी कळकळीनं सांगितलं की खान गेला होता आणि परत आला तेव्हा गावाला किती बरं वाटलं. एकानं तर त्याच्या परतण्याच्या दिवशी नारळ फोडल्याचं सांगितलं. प्रत्येकजण साक्ष देऊन खाली बसताना चाचांकडे पाहून हसत होता.

मग मला बोलावलं. मी सांगितलं की तो जबाब खोटा आहे, चाचा आमच्या कडब्याच्या खोलीत होते. साहेबांनी फाईल उघडली आणि माझा जबाब मोठ्यानं वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. निळी चादर, हातोड्याचा दांडा, पटक्यानं पुसलेले डोळे, मुलाचं पत्र. मागच्या बाकावर हनिफाचाची बसल्या होत्या. त्यांनी हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"आणि त्या तीन महिन्यांत तो तुमच्याकडे होता, हे घरच्यांखेरीज कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. कुणी पाहू नये म्हणूनच लपवलं होतं."

"तो काय करत असे?"

मी आठवू लागले. हुलग्याची शेंगोळी, कोंबडी, मांडीवर ठेवलेले हात. जे घडलं होतं ते इतकं साधं होतं की तोंडातून बाहेर पडताना मलाच रचलेलं वाटू लागलं. "बसून असायचे," मी म्हणाले. साहेबांनी पुन्हा एकदा त्या जबाबाकडे पाहिलं आणि मग चाचांकडे वळले. "खान, ही मुलगी म्हणते ती पोलिसांशी खोटं बोलली. बोलली का ती खोटं?"

चाचा उभे राहिले. पटका सारखा केला. "न्हाई सायेब," ते म्हणाले. "वकीलसायबांची लेक खोटं बोलत न्हाई."

बाबा ताडकन उठले, काहीतरी बोलू लागले, पण साहेबांनी हात वर केला. चाचा खाली बसले. चारचौघांत, सरकारपुढे, ज्या घराचं मीठ खाल्लं त्या घरच्या मुलीला खोटारडी म्हणणं त्यांना जमलं नाही, की मला तुरुंगात टाकतील या भीतीनं त्यांनी आपला जीव माझ्यावरून ओवाळून टाकला, हे मी त्यांना विचारू शकले नाही. साठ वर्षं मी या दोन्ही बाजू उलटसुलट करून पाहतेय आणि कुठल्याही बाजूनं मला झोप येत नाही. साहेबांनी निकालात लिहिलं की मुलीचं मन दयाळू आहे, वृद्धाच्या कळवळ्यानं ती आता वेगळं सांगत आहे, सबब तिच्यावर कारवाईची जरूर नाही. आणि वृद्धाचा मुलगा तिकडे असल्यानं त्याला तिकडे पाठवण्यात क्रूरताही नाही. माझं खोटं त्यांनी खरं धरलं आणि माझं खरं हे प्रेमळ खोटं ठरवलं. मला शिक्षा झाली असती तर फार बरं झालं असतं.

बाबांनी वर अर्ज केले, त्यांची उत्तरं येईपर्यंत मुदत संपली. चाचांना पोलीस आगगाडीत बसवायला घेऊन गेले त्या दिवशी बाबा आणि आई स्टेशनावर गेले. मी गेले नाही. बाबा मला 'ये' म्हणाले होते, पण मी अंथरुणात तोंड लपवून पडून राहिले. बाबा परत आले आणि कोट न काढता घोडीला पाणी पाजत राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी घोडी विकून टाकली.

चाचांना नेल्यावर महिन्याभरानं हनिफाचाची आमच्याकडे आल्या. पहिल्यांदाच. ओट्यावर बसल्या, आईनं दिलेला चहा घेतला, काष्टीला बैलांना पत्र्या ठोकायला आता कोणी नाही, श्रीगोंद्याहून माणूस येतो आणि बैलं लंगडी करून जातो, असं सांगत बसल्या. मग कप खाली ठेवून मला म्हणाल्या, "बाई, त्यो पोरगा केवढा आसंल आता?"

मी म्हणाले, "चाची, मुलगा नाहीच आहे. पत्र नव्हतं, पहिली बायको नव्हती. मी सगळं मनानं रचलं. चाचा खरंच इथे होते, या खोलीत. चला, दाखवते."

"व्हय, तुमी सांगितलं की तितं बी," त्या म्हणाल्या. जागच्या हलल्या नाहीत. "सायबानं वाचलं तवा मला लई राग आला त्यांचा. म्हनलं, येवढी वर्सं माझ्यापासनं लपिवलं. मंग वाटलं, आसला तर बरंच न्हाई का? म्हातारा मानूस. तितं कोन पानी देनार त्यास्नी?" त्यांनी पदर सावरला. "नाव काय म्हनले हुते त्याचं?"

आई दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती मला थांबवेल असं वाटलं, पण तिनं मान फिरवली.

"यूसुफ," मी म्हणाले.

"यूसुफ," हनिफाचाची म्हणाल्या. "चांगलं हाय."

चाचांचं पत्र कधी आलं नाही. ते कुठवर पोचले हेही आम्हाला कळलं नाही. हनिफाचाची त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. काष्टीहून कोणी आलं की सांगायचं, म्हातारी रोज पोस्टमनची वाट अडवते. आधी विचारते, खानसायबांचं काही आलंय का. तो नाही म्हणाला की विचारते, मग यूसुफचं?